फुंकरीनं पांढरं झालेलं पाणी

बुवांच्या पत्र्याच्या शेडबाहेर सकाळपासून रांग लागलेली. आत ग्लासात नितळ पाणी आणि एक नळी. रोग्यानं नळीतून फुंकायचं. बघता बघता पाणी दुधासारखं व्हायचं आणि बुवा म्हणायचे, "बघा, दवाखान्यानं भरलेलं विष छातीतून निघालं." की लोकांनी हात जोडलेच.

रांगेत एक विज्ञानशिक्षिका वडिलांना, अप्पांना, धरून उभी होती. त्यांना यकृताचा कॅन्सर. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घालून तेलात मिसळलेलं औषध थेट गाठीत सोडलं होतं. "क्वचित थोडं फुप्फुसात जातं. धाप लागली तर तडक या," असं त्यांनी बजावलंही होतं. दोन दिवसांनी धाप लागली, आणि आई हटून बसली.

"औषधच छातीत गेलंय ना? मग ते काढणाऱ्याकडे चला."

डॉक्टरांचा इशाराच असा बुवांच्या पथ्यावर पडला. पाणी पांढरं होताना पाहून लेकीलाही हायसं वाटलं. शिकलेली होती, पण अक्कल गहाण टाकायला शिक्षण आड येत नाही. चार दिवस अप्पा फुंकत राहिले, रोज थोड्या कमी दमानं.

चौथ्या दिवशी तिच्या सहा वर्षांच्या भाचीनं गंमत म्हणून दुसऱ्या ग्लासात फुंकलं. तेही पांढरं झालं.

"मावशी, मला कधी दिलं औषध?"

"घरातलं विष लेकरांना बाधतं," बुवांनी सारवासारव केली.

लेकीनं तो ग्लास उचलून पाहिला. ही तर चुन्याची निवळी. कुणाच्याही उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं ती पांढरी होते, हे ती दरवर्षी वर्गात करून दाखवायची.

"अप्पा, चला, दवाखान्यात जाऊ."

"अगं, आज बरंच निघालं," अप्पा धापा टाकत म्हणाले. तिला रडू आवरेना.

डॉक्टर रागावले नाहीत, तेच तिला सोसलं नाही. "पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. ऑक्सिजन लावूनही तिसऱ्या दिवशी अप्पा गेले.

पुढच्या आठवड्यात ती शाळेतली निवळी घेऊन रांगेपाशी गेली. रोगी, सोबत आलेले, चहावाला, सगळ्यांना तिनं फुंकायला लावलं. सगळ्यांचंच पाणी पांढरं झालं.

"एवढं कळतं, तर वडिलांना इथं का आणलंत?" धापा टाकणाऱ्या नवऱ्याला घेऊन आलेल्या एका बाईनं विचारलं.

"मला ते बरे व्हायला हवे होते. म्हणून जे शिकवते, तेच तपासून पाहिलं नाही. तुम्ही तपासा. आणि यांना धाप लागलीय, आधी दवाखान्यात न्या."

बाई नवऱ्याचा हात धरून रांगेतून बाहेर पडली.