गच्चीवरचा पाइप

पडद्यावर एक पितळी लोटा आला आणि चौथ्या रांगेतली तीन मोठी माणसं खुर्चीतून उठली.

“दखा, दखा! तोच लोटा!” सुकदेव ओरडला. एरंडोलला त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. दुकानात तो गिऱ्हाइकाशीसुद्धा इतक्या उत्साहाने बोलत नसे.

“वही है, वही!” कय्युम टेलरने शिट्टी मारली.

“संदर्भ आहे हा,” हायस्कूलचे जीवराम सर म्हणाले. “मालिकेच्या तिसऱ्या भागात आई ह्याच लोट्याने पाणी पाजते. दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलाय.”

मागच्या रांगेतून कोणीतरी ‘खाली बसा’ म्हणालं. तिघं बसले, पण उपकार केल्यासारखे.

रांगेच्या टोकाला पुना बसला होता. त्याला लोटा दिसला. तसे दोन त्याच्या घरीही होते.

सिनेमाचं नाव होतं ‘वापसी रतनघाटी की’. मूळ ‘रतनघाटी’ बरीच वर्षं आधी येऊन गेला होता. त्यातला डाकू जोरावर इतका चालला, की पुढे टीव्हीवर त्याच्या बालपणाची मालिका निघाली. वर्षभर दर रविवारी सकाळी डाकूचं बालपण पाहायला सुकदेवच्या खोलीत अर्धी गल्ली जमायची. आता त्र्याण्णव साली सिनेमाचा दुसरा भाग आला होता, आणि त्यात मालिकेतल्या खुणा पेरल्या आहेत अशी बातमी एरंडोलला पोचली होती. तेवढ्यासाठी हे लोक जीप करून जळगावला आले होते. गोष्टीशी कोणाला देणंघेणं नव्हतं. खूण आली की ओरडायचं, आणि शेजारच्याच्या आधी ओरडायचं.

“तो दख, भुवईवरचा व्रण,” सुकदेव पुनाकडे झुकून म्हणाला. “झाडावरून पडना व्हता, तव्हानं शे ते. पण तुले काय समजी? तू तं गच्चीवर व्हता.”

हे खरं होतं. पुना पालिकेत वॉलमन होता. गल्लोगल्लीचे वॉल फिरवून पाणी सोडायचं, बंद करायचं, आणि उरलेल्या वेळात लोकांचे नळ दुरुस्त करायचे. सुकदेवच्या ॲन्टिनाचा पाइप त्यानेच उभा केला होता. जळगावकडे तोंड असलं की चित्र दिसे. पण पाइप कठड्याच्या भोकात सैल होता. वारा आला की फिरायचा आणि खाली पडद्यावर मुंग्या यायच्या. म्हणून रविवारी पुना गच्चीवर पाइप धरून उभा राही.

“उनं का?” चित्र आलं का, हे तो वरून विचारी.

“उनं! हालू नको!” खालून ओरडा येई. आणि थोड्या वेळाने, “गयं! गयं! पुन्या, झोपना का रे?”

मालिका त्याने अशी वर्षभर ऐकली. जिन्याच्या दारातून घोड्यांच्या टापा येत, रडणं येई, जाहिराती येत. प्रत्येक भागाच्या शेवटी जोरावरची आई विहिरीवर पाणी शेंदायची, तो रहाट येई. दोन तोकडे आवाज, एक लांब. मग पुना खाली उतरायचा, जिन्याच्या पायरीवर बसायचा. सुकदेवची बायको लताबाई चहा द्यायची आणि खोलीतली चर्चा त्याच्या कानावर पडायची. चर्चेत त्याला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्याने काही पाहिलंच नव्हतं.

एकदा त्याची बायको भिकुबाई म्हणाली होती, “गावभरना नळले क्लॅम्प बसाडतस. त्या एक पाइपले काबर नही?”

“क्लॅम्प बसाडा तं सुकदेवआप्पा माले काबर बलाई?” पुना म्हणाला होता.

क्लॅम्प त्याच्या पिशवीत होता. वर्षभर होता.

जळगावला आपणही यायचं, हे त्यानेच काढलं होतं. “माले बी लई चला,” तो सुकदेवला म्हणाला. “एक डाव बठ्ठास संगे बसीसन दखू द्या.” जीपमध्ये मागच्या दाराशी जागा होती, म्हणून त्याला घेतलं.

आणि आता सगळ्यांसंगे बसूनही त्याला काही दिसत नव्हतं. फाटक्या कोपऱ्याची शाल आली, तिघं ओरडले. पोपटाचा पिंजरा आला, तिघं ओरडले. पुना दर वेळी थोडा उशिरा हसत होता.

“गरम व्हस रे! पंखा लाव!” सुकदेवने डोअरकीपरला हाक दिली. त्याने भिंतीवरचा पंखा सुरू केला. पडद्यावर मारामारी चालली होती, त्यामुळे पंख्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मारामारी संपली. जोरावर आपल्या जळक्या घरासमोर येऊन उभा राहिला. आई त्या घरातच जळून मेली, असं पहिल्या सिनेमात सांगितलं होतं. संगीत थांबलं. टॉकीजभर शांतता झाली, आणि त्या शांततेत पुनाला ऐकू आलं. दोन तोकडे आवाज, एक लांब.

तो उभा राहिला. “आप्पा! रहाट! आयका, मायना रहाट शे हाऊ! माय जित्ती शे!”

“बस खाली,” सुकदेव म्हणाला. मग त्याने कान दिला. पुन्हा दोन तोकडे, एक लांब. “आयला!”

“अम्मी जिंदा है!” कय्युमने खुर्चीवर थाप मारली.

जीवराम सरांना जरा वेळ लागला, पण फार नाही. “विहीर दाखवली नाही, फक्त ध्वनी दिला. ही खरी दिग्दर्शकाची जागा! लोटा काय, कोणीही ओळखेल.”

लोटा त्यांनीच ओळखला होता.

मध्यंतराचे दिवे लागले. सुकदेव भज्यांचा पुडा घेऊन आला आणि त्याने तो आधी पुनापुढे धरला. “ले, पुनाभाऊ. आम्ही डोळा फाडीफाडी दखं, पण कान तुना!” कय्युमने सरकून त्याला मधली खुर्ची दिली. सर पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना रहाटाचं महत्त्व समजावू लागले.

पुनाने भजं उचललं आणि तो थांबला. पडदा पांढरा होता, आणि रहाट चालूच होता. त्याने वर पाहिलं. पंख्याची मान डावीकडून उजवीकडे वळताना दोनदा कुरकुरत होती, परतताना एकदा लांब. तेलाचे दोन थेंब पुरले असते. एवढा उघडा आवाज, पण तिघांपैकी कोणालाही ऐकू येत नव्हता. ते रहाटाबद्दल बोलत होते.

पुना उठून डोअरकीपरकडे गेला.

“पंखा बंद करी दे भाऊ.”

“आत्ता तर गरम होत होतं तुम्हाला!”

“आते नही व्हस.”

पंखा थांबला. उरलेला सिनेमा सगळ्यांनी घाम पुसत पाहिला. आई आली नाही. जोरावर मेला, दिवे लागले, तरी आई आली नाही. पुना खाली मान घालून बसला होता. आता कोणीतरी विचारणार.

“तिसरा भाग येणार,” जीवराम सर म्हणाले. “आईला त्याच्यासाठी राखून ठेवलंय.”

“मी तेच म्हनी ऱ्हायंतू,” सुकदेव म्हणाला.

परतताना पुनाला जीपमध्ये पुढे बसवलं. एरंडोल येईपर्यंत सुकदेवने रहाटाची गोष्ट ड्रायव्हरला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना आवाज आधी सुकदेवला ऐकू आला होता. उतरताना सुकदेव म्हणाला, “रविवारले येजो रे. आत बसजो.”

रविवारी पुना धुतलेला सदरा घालून गेला. खोलीत मंडळी जमली होती. सुकदेव दारातच भेटला.

“उना का? बरं झायं. केबल ई गयं आपलाकडे. तो पाइप उगाच शे वर. तेवढा उतारी दे, मंग बस.”

पुना वर गेला. पाइपचा रंग सगळीकडे उडाला होता, पण छातीच्या उंचीवर तो घासून चकचकीत झालेला होता. ॲन्टिना अजून जळगावकडे तोंड करून होती. खाली कसला तरी सिनेमा चालला होता आणि मंडळी हसत होती.

त्याने पाइप दोन्ही हातांनी धरला, हलवला आणि उपसून बाहेर काढला. मग पाइप तसाच हातात धरून जिन्याच्या दाराकडे कान देऊन उभा राहिला.

खालून कोणी ‘गयं’ म्हणून ओरडलं नाही.