पाट्याचे दात

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. आत्ता मी मोरीपुढे पालथा पडलो आहे आणि माझं तोंड ओल्या सिमेंटात आहे. म्हणून जे सांगायचं ते घाईने सांगतो.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. जुन्या नागपुरात, विणकरांच्या गल्लीत, रुखमाबाईंचं सावजी भोजनालय आहे. मी तिथे आलो तेव्हा त्या नव्या सूनबाई होत्या. भाजलेले धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं माझ्या अंगावर वाटलं जाई. तो मसाला मटणात उतरला की वर लालभडक तर्री चढे. गिऱ्हाइकं घामाने डबडबत, नाक पुसत जेवत आणि पुन्हा रस्सा मागत. गल्लीत कोणाकडे पाहुणा आला की त्याला आधी आमच्याकडे आणत. कोणी रस्स्याचं कौतुक केलं, तर रुखमाबाई माझ्याकडे बोट दाखवत. दगडालाही आनंद होतो, मित्रांनो.

वाटून वाटून मी गुळगुळीत होई. मग टाकीवाली बाई गल्लीत हाळी देत येई आणि छिन्नीने माझ्या अंगावर बारीक खाचा पाडी. याला टाकी लावणं म्हणतात. दुखायचं खूप. पण रुखमाबाई माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "आले माह्या पाट्याले दात!"

यंदा त्या आजारी पडल्या. धंतोलीच्या दवाखान्यात जाताना ऑटोत बसून त्यांनी मुलाला सांगितलं, "जितेंद्र, पाट्याचे दात गेले गा. तेवढं पाहून घे."

टाकी लावून घे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. जितेंद्रला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचे दात जातात, तसा पाटाही संपला. त्याने मिक्सर आणला.

काल आमचे जुने गिऱ्हाईक केशवराव ताट सारून म्हणाले, "काहून गा, माय दवाखान्यात गेली, तर रस्सा बी सलाइनवर हाय का?"

"मिक्सरचा मसाला हाय काका. पाटा खतम झाला."

"मायले विचारलं का?"

"तिले कायले तरास? परवा घरी येऊन राहिली. नवी मोरी पाहून खूश होईल."

त्या मोरीला पायरी हवी होती. आज सकाळी मिस्त्रीने मला पालथं घातलं. माझा वरवंटा मागच्या दाराला टेकण म्हणून लावला आहे. मघाशीच टाकीवालीची हाळी गल्लीतून गेली. मी जीव तोडून ओरडलो. हाळी चौकाकडे वळली आणि विरून गेली.

रुखमाबाई उद्या येतील. उद्यापर्यंत सिमेंट घट्ट होईल. मग मला काढायचं तर घणाने फोडूनच काढावं लागेल.

मित्रांनो, गुळगुळीत झालेली वस्तू संपलेली नसते. टाकून देण्याआधी तिला एकदा टाकी लावून पाहा. आणि आज तुमच्यापैकी कोणी आमच्याकडे जेवायला आलं, तर हात धुताना खाली बघा. जितेंद्रला हाक मारा. पायरीच्या कडेला नख रोवून दाखवा त्याला. सिमेंट अजून ओलं आहे.