हत्तीचा उपास

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या त्या गल्लीत गाड्या कशा, तर शहाण्या लेकरांसारख्या हाताची घडी घालून ओळीनं बसलेल्या. त्यांच्यात चारुदत्तचा पिकअप ट्रक उभा राहायचा तो बालवाडीत बसवलेल्या पैलवानासारखा. नाक शेजाऱ्याच्या दारात, शेपूट फुटपाथवर. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्यानं तो घेतला होता. आठ सिलिंडर, पाच माणसांची बैठक, आणि मागं हौदा एवढा ऐसपैस की एखाद्या लग्नाचा मांडव त्यातच घालावा.

चारुदत्त पोटापाण्यासाठी काय करायचा, तेही सांगायला हवं. लहान गाड्यांचं पेट्रोल कसं वाचेल, याचा तो कंपनीतला तज्ज्ञ. आठवडाभर पाव थेंबासाठी जिवाचं रान करायचा, आणि शनिवारी सकाळी ब्रेड आणायला ट्रक काढला की आठवड्याची सगळी पुण्याई पहिल्याच सिग्नलला ओतून यायचा.

हा हत्ती घरात आला तो देवश्रीच्या नावावर बिल फाडून. देवश्री, म्हणजे त्याची बायको, गावातल्या ढोल-ताशा पथकाची प्रमुख. पथकाचे आठही ढोल यांच्याच केलरमध्ये, तळघरात, मुक्कामाला. मिरवणूक आली की एकेक ढोल एकेकाच्या गाडीत, नव्या नवरीसारखा सांभाळून न्यावा लागायचा. "तुझ्या ढोलांसाठीच घेतोय गं," असं चारुदत्त म्हणाला आणि ती भुलली. पहिली टाकी संपली तेव्हा शुद्धीवर आली. शंभर किलोमीटरला सतरा लिटर.

मग घरात तह झाला. गणपतीत पथकाला डार्मश्टाटच्या मिरवणुकीचं बोलावणं होतं. ती एक फेरी, जाऊन-येऊन, ट्रकनं बाराच्या आत करून दाखवावी. केली तर राहील, नाही तर विकायचा. पंच म्हणून देवश्रीनं आपल्या आईला नेमलं. लताबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून आल्या होत्या. जावयाशी अहो-जाहोशिवाय बोलायच्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागायचं. ट्रक प्रथम पाहिला तेव्हा त्यांनी खिडकीतूनच ओवी सोडली होती:

*दारी बाई गजराज, त्याला हौदाची तहान*
*जावई माझा शहाणा, देतो उपासाचं ज्ञान*

आणि खरोखरच हत्तीचा उपास सुरू झाला. जाडजूड नक्षीचे टायर गेले, गुळगुळीत आले. त्यांत हवा अशी ठासून भरली की रस्त्यातला खडा सासूबाईंच्या कवळीला कळावा. पाय ठेवून चढायच्या पायऱ्या वाऱ्याला अडवतात म्हणून काढल्या. मग लताबाई स्टुलावरून चढू लागल्या. मागची अख्खी बैठक वजनाला भारी म्हणून उचकटून केलरमध्ये नेऊन ठेवली. हौद्यात शिरून वारा भोवरे घालतो म्हणून त्यावर सपाट झाकण बोल्टांनी आवळून टाकलं. एसी बंद. ब्रेकला शक्यतो पाय लावायचा नाही. लेक उर्जा मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तिनं या सगळ्याला एकच शब्द दिला, "पाइनलिश", म्हणजे लाजिरवाणं, आणि शाळेपासून दोन चौक अलीकडेच उतरू लागली.

सतराचे पंधरा झाले, पंधराचे साडेबारा. चारुदत्तच्या चेहऱ्यावर तेज आलं. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसलं, भुकेचं आणि गर्वाचं.

मिरवणुकीच्या सकाळी देवश्रीनं ढोल वर आणायला घेतले तेव्हा लक्षात आलं, की झाकणाखाली ढोल मावत नाही. चार बोटांनी वर राहतो. झाकण काढलं तर वारा आत घुसणार, वर ढोलांचं वजन, म्हणजे चौदाच्या खाली बात नाही. चारुदत्तनं डोकं खाजवलं आणि जे वाक्य जगातला कुठलाही शहाणा नवरा बोलला नसता ते तो बोलला.

"देवश्री, ढोल ट्रेननं नेता येतील का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग झाकणाकडं. "गेनाऊ," ती म्हणाली. एवढंच. बरोबर आहे, असा त्या जर्मन शब्दाचा अर्थ. पण त्या सकाळी त्या शब्दावरून घसरून माणसाचा पाय मोडला असता.

ट्रकच्या भरवशावर कुणीच गाडी आणली नव्हती. पथक ढोल कवटाळून स्टेशनकडं गेलं, उर्जा डोक्यावर ताशा घेऊन त्यांच्यामागं. लताबाईंना गुडघ्यांमुळं जिने झेपेनात, शिवाय त्या पंच; म्हणून त्या मोदकांचा डबा मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसल्या. रिकामा हत्ती तेवढा डौलात निघाला.

आउटोबानवर चारुदत्तनं एका लांबलचक मालट्रकची पाठ धरली आणि काटा पंच्याऐंशीवर बांधून टाकला. खिडक्या बंद, आतमध्ये मोदकांना पुन्हा वाफ बसेल असा उकाडा. मोटारी गेल्या, बस गेली, कॅरॅव्हान ओढणारी एक म्हातारी गाडीसुद्धा खोकत पुढं गेली.

"अहो चारुदत्त, तो बसवाला हात करत होता. ओळखीचा आहे का?"

"नाही, आई. त्याला वाटलं, गाडी बिघडलीय."

"मग सांगायचं ना, उपास आहे म्हणून."

थोड्या वेळानं त्यांना जाणवलं, की जावयाची नजर सारखी डब्याकडं जातेय. त्यांनी मायेनं विचारलं, की मोदक खाऊन टाकू का, तेवढीच गाडी हलकी होईल.

"खाल्ले तरी वजन गाडीतच राहतं, आई," चारुदत्त गंभीरपणे म्हणाला. लताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुढचे दहा किलोमीटर खिडकीबाहेर बघितलं.

डार्मश्टाटला पोचला तेव्हा पडद्यावर आकडा होता अकरा पूर्णांक नऊ. त्यानं त्याचा फोटो काढला, बारशाच्या बाळाचा काढावा तसा, दोन बाजूंनी. मिरवणूक केव्हाच सुरू झाली होती. ढोल लांबूनच ऐकू येत होते. ज्यांना चाकं नव्हती ते आधी पोचले होते.

तिथल्या मंडळाच्या एका गृहस्थानं त्याला गाठून तो अस्सल मराठी प्रश्न विचारलाच, की एवढं धूड ॲव्हरेज किती देतं? चारुदत्तनं उलट हिशोब करून अभिमानानं सांगितलं, लिटरला जवळजवळ साडेआठ. "फक्त?" गृहस्थ म्हणाले, आणि प्रसादाच्या रांगेकडं वळले.

देवश्री कमरेला ढोल बांधून वाजवत होती. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उमटलेला. तो मिरवणुकीचा नव्हता, स्टेशनच्या जिन्यांचा होता. त्यानं फोन तिच्यासमोर धरला. तिनं टिपरू न थांबवता आकडा वाचला.

"अर्धी जिंकलास," ती म्हणाली. "परतीचं बाकी आहे. तसाच रिकामा ये. आमची तिकिटं आहेत."

तो मिरवणुकीच्या कडेकडेनं चालत राहिला. ढोलांचा घुमारा छातीत उतरत होता, आणि खिशातला अकरा पूर्णांक नऊ एकदम अगदी हलका लागत होता. शेजारून लताबाई कुणाला ऐकवायचं नाही अशा बेतानं गुणगुणत होत्या:

*पाठ रिकामी हत्तीची, नाही घंटा, नाही झूल*
*ओझं वाहीना, त्याची गं ओझी वाहती ही मुलं*

पुढं उर्जा ताशा दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालली होती. चारुदत्तनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं पार्किंगकडं वळला.

मिरवणूक संपून पथक स्टेशनकडं निघालं तर रस्त्यात ट्रक आडवा. झाकणाचे बोल्ट काढलेले, हौदा आभाळाकडं उघडा, आणि हातात पाना घेतलेला, शर्टाला ग्रीस लागलेला चारुदत्त.

"आकडा जाईल," देवश्री म्हणाली.

"जाऊ दे."

"ट्रकही जाईल."

त्यानं तिच्या कमरेचा ढोल सोडवून घेतला आणि हौद्यात पहिला ठेवला. मागोमाग बाकीचे सात गेले, ताशे गेले, सगळे पट्ट्यांनी आवळले. झाकण त्यांच्यामध्ये कसंबसं उभं केलं. सगळ्या सामानात बिनकामाचं तेवढं तेच होतं.

"आणि मी नि उर्जा कुठं बसू?"

चारुदत्तनं मागं वळून पाहिलं. जिथं बैठक असायची तिथं बोल्टांची चार भोकं होती. देवश्री त्या दिवसात पहिल्यांदा हसली आणि लेकीला घेऊन स्टेशनकडं चालू लागली.

परतीला त्यानं एसी लावला. खिडकीबाहेर हात काढून लताबाईंनी एका मालट्रकला मागं टाकताना निरोपही दिला. पडद्यावरचा आकडा चढत होता आणि त्या हाउझीचे नंबर पुकारावेत तशा पुकारत होत्या. बारा दोन. बारा सात. आता तेरा, जावईबापू.

घरी पोचले तर मायलेकी आधीच पायरीवर बसलेल्या.

"किती?" देवश्रीनं विचारलं.

"तेरा पूर्णांक एक," चारुदत्त म्हणाला. लताबाईंनी पंच म्हणून मान डोलावली. "हरलो. विकतो मी ट्रक."

देवश्री उठली, हौद्यापाशी गेली, सगळ्या ढोलांची पानं बोटानं वाजवून पाहिली. एकालाही ओरखडा नव्हता.

"पैज रिकाम्या ट्रकची होती," ती म्हणाली. "रिकामा आणला असतास तर जिंकूनही उद्याच विकायला लावला असता. भरलेल्याची अजून लावलेली नाही." मग ढोल उतरवायला हात लावत म्हणाली, "आता खाली जातोच आहेस तर ती बैठक वर आण. आणि पायऱ्या बसव. माझी आई स्टुलावरून चढते."

उर्जानं झाकणावर टिचकी मारली आणि जर्मनमध्ये विचारलं, याचं काय करायचं?

"जावईबापूंना द्या," लताबाई म्हणाल्या. "उपास सोडलाय. पाट म्हणून घेतील जेवायला."