ताईची दोन बटणं

“एक फाइल उघडायला किती तो माउस फिरवायचा,” आई कापड बेतता बेतता पुटपुटली. “तेवढ्यात माझी एक बाही शिवून होते.”

धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुकानातलं भरतकामाचं मशीन संगणकावर चाले, आणि नक्षीच्या सगळ्या फाइल्स ताईने केलेल्या. ताई फाइलला गिऱ्हाइकाचं नाव देत नसे, स्वभाव देई: ‘नाक मुरडणाऱ्या काकू’, ‘तीनदा बदलणाऱ्या वहिनी’. शोधल्याशिवाय काही हाती लागत नसे.

चार महिन्यांपूर्वी ताईला दवाखान्यात नेलं, आणि घरी परत आला तो तिचा चष्मा नि चपला. तेव्हापासून सगळे ‘ताई सध्या नाहीये’ म्हणत, जशी काही भाजी आणायला गेलीये. तिच्या खुर्चीत कोणी बसत नसे. धाकटी शेजारी स्टूल ओढून, मान तिरकी करून काम करी.

सोमवारी तिने सेटिंगमध्ये जाऊन शोधाची चौकट उघडायला दोन बटणं नेमली, कंट्रोल आणि स्पेस. दाबली की चौकट टपकन समोर. तिची तिलाच ऐट वाटली.

मंगळवारी दाबली, तर ढिम्म. सेटिंगमध्ये ऑल्ट आणि क्यू. ही ताईची बटणं. उजव्या हातात कायम भरतकामाची फ्रेम, म्हणून तिचं सगळं डाव्या हातावर चाले. पण ते जुन्या संगणकावर. हा नवा मागच्या महिन्यात आलेला, त्यात फक्त नक्षीच्या फाइल्स उतरवून घेतलेल्या. ताईचं बोटही त्याला लागलेलं नव्हतं.

तिने बटणं बदलली. बुधवारी पुन्हा ऑल्ट आणि क्यू.

“दुसरं कोणी बसतं का तिथे?” संगणकवाल्याने फोनवर विचारलं.

“कोणी नाही.”

“मग कोणीतरी बसतंय बघा, ताई,” तो हसला. धाकटीला हसू आलं नाही.

“आई, तू हात लावलास?”

“मला ते चालू कुठून होतं तेही ठाऊक नाही,” आई म्हणाली. खुर्चीकडे मात्र तिने पाहिलं नाही.

गुरुवारी शाळेचे हेडसर चाळीस शर्ट ठेवून गेले. खिशावर शाळेचं चिन्ह, नेहमीचंच, संध्याकाळपर्यंत. नाही जमलं तर ते दुसरं दुकान बघणार, आणि धाकटीच्याने हे दुकान चालायचं नाही, हे नातेवाइकांचं म्हणणं खरं ठरणार. तिने ‘शाळा’ शोधलं, ‘सर’ शोधलं, ‘कडक’ही शोधून पाहिलं. काही नाही. दुपार झाली. ती हात मांडीत घेऊन बसली.

तेव्हा ऑल्ट खाली गेलं आणि तसंच राहिलं. मग क्यू.

आईच्या हातात कात्री होती. धाकटीचे हात मांडीतच होते. चौकट उघडली, आणि तिच्यात एकेक अक्षर पडत गेलं, मध्येच थांबून, ताई आठवून आठवून लिही तसं. ‘घाबरट पण गोड’. शाळेचं चिन्ह पडद्यावर आलं.

मशीन आपणहून सुरू झालं नाही. कर्सर नुसता लुकलुकत राहिला, पुढचं काम कोणी सांगतंय का याची वाट बघत.

आईने कात्री खाली ठेवली. ती रिकाम्या खुर्चीजवळ गेली, आणि पाठीवर हात ठेवावा तसा तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“बाळा,” ती म्हणाली, “तू मेलीस गं. चार महिने झाले. तुला कोणी सांगितलंच नाही.”