वजदीचा स्पष्ट फोटो

आमच्या गावच्या फुटबॉलच्या मैदानात गवताचं पातं नाही. एका अंगाला ऑलिव्हची बाग, दुसऱ्या अंगाला समुद्राकडे जाणारी खारट, पांढरी जमीन, आणि मधे लाल माती. दक्षिणेचा वारा सुटला की गोलकीपरला स्वतःचे हात दिसत नाहीत. अशा मैदानावर लमजद दर रविवारी पोरांचे फोटो काढायचा, आणि ते इतके स्वच्छ निघायचे की नाकाच्या शेंड्यावर लोंबणारा घामाचा थेंबही दिसायचा.

त्याचा पोटापाण्याचा धंदा लग्नांचे फोटो काढण्याचा. पण लग्नात त्याचं मन रमत नसे. नवरी जागची हलतच नाही, त्यात काय काढायचं, असं तो म्हणायचा. रविवार आला की बायकोच्या जुन्या ओढणीत कॅमेरा गुंडाळून तो निघायचा. मैदानावर लेन्स कधी बदलायचा नाही, धूळ आत जाईल म्हणून. ऊन पाठीवर घेऊन रेषेबाहेर पोटावर पडून राहायचा. लांबून काढलं तर तापलेल्या मातीवरची हवा थरथरते आणि चेहरे पाण्यात बुडाल्यासारखे येतात, म्हणून तो इतका जवळ सरकायचा की दोनदा चेंडू कपाळावर बसला. घरी आला की जेवणाआधी संगणकासमोर बसून निवड करायचा. डोळे जरा अस्पष्ट आले असले की फोटो गेला. त्याची बायको फौझिया म्हणायची, राहू दे की, जागा का खातो? तो म्हणायचा, धूसर फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

वजदी गावच्या संघातला राखीव खेळाडू. सतरा वर्षांचा, उंच, किडकिडीत, गालभर मुरुमं. प्रशिक्षक शादलीकाका त्याला अगदी शेवटी उतरवायचे, तोवर सूर्य ऑलिव्हच्या मागे गेलेला असायचा. कमी उजेडात धावणारं पोर कॅमेऱ्यात पुसट येतं. त्यात वजदीला मुरुमांची लाज. लेन्स आपल्याकडे वळली की तो मान फिरवायचा. लमजदनं त्याचे फोटो काढले नव्हते असं नाही. काढले, आणि घरी येऊन पुसले.

सप्टेंबरात गावातली काही पोरं पहाटे होडीतून इटलीला निघाली. त्यांत वजदी होता. आईला सांगून गेला की जर्जिसला सामना आहे, मुक्काम पडेल. त्याची आई मबरका बंदरावर माकुल मासळी साफ करायची. दुसऱ्या दिवशी तिथेच बायका आपसांत कुजबुजल्या, तेव्हा तिला कळलं. पोहोचल्याचा फोन कुणाच्याच घरी आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. होडी सापडली नाही, होडीतलं माणूसही सापडलं नाही.

हरवलेल्या पोरांच्या आयांची एक संघटना आहे. त्या मोबाइलवर फोटो लावतात. ते पलीकडच्या छावण्यांमध्ये, इस्पितळांमध्ये, शवागारांमध्येही पाहिले जातात. त्यांनी मबरकाला सांगितलं, समोरून काढलेला, स्पष्ट चेहऱ्याचा फोटो आण. तिच्याकडे होता तो शाळेतला, पुढचे दात पडलेला. पोराचा फोन पोराबरोबर गेला होता. ओळखपत्र त्यानं जाण्याआधी जाळलं होतं, सगळेच जाळतात, तिकडून कुणी परत पाठवू नये म्हणून. मित्रांच्या मोबाइलमध्ये तो सापडला खरा, पण कुठे कुत्र्याचे कान चिकटवलेला, कुठे जीभ बाहेर काढून अर्धा चेहरा हातानं झाकलेला.

म्हणून ती लमजदकडे आली. लमजदनं तिला बसवलं, फौझियानं चहा दिला, आणि तो वर्षभराच्या फोटोंत शोधायला लागला. तिला वाटलं होतं, पोर दर रविवारी मैदानावर होतं, तर ढीगभर फोटो असतील. पडद्यावर दुसऱ्यांची पोरं सरकत राहिली. शेवटी एक सापडला. पुढे गोल मारणारा मुलगा, पापण्या मोजाव्यात इतका स्पष्ट, आणि मागे बाकापाशी उभं राहून टाळ्या वाजवणारा वजदी. अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा, धुरातून पाहिल्यासारखा.

मबरका लगेच म्हणाली, "हा. हाच."

"ताई, यावरून परका माणूस नाही ओळखू शकणार."

"मग बाकीचे दाखवा ना, लमजदभाऊ. तुम्ही तर सारखे काढत होता."

लमजदनं सांगितलं की बाकीचे नीट आले नव्हते, म्हणून ठेवले नाहीत. मबरकानं चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "मला विचारायचं होतंत. मी ठेवले असते."

ती गेल्यावर लमजद जेवला नाही. धूसर फोटो स्पष्ट करणारे नवे प्रोग्राम निघाले आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि ते काय करतात हेही. जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते परत आणता येत नाही. तो प्रोग्राम हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधतो आणि जागा भरतो. फौझियाला त्यानं तसं सांगितलंही. ती म्हणाली, मग नको करूस. पण रिकाम्या हातानं त्या बाईच्या दारात कसं जायचं, हे तिलाही सांगता येईना. त्यानं तो चेहरा प्रोग्रामात घातला. पडद्यावर एक मुलगा उमटला. लांब पापण्या, नितळ गाल, किंचित उघडे ओठ, आत सरळ दात.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही फोटो मबरकासमोर ठेवले. तिनं नवा फोटो खिडकीपाशी नेऊन निरखला.

"देखणा आहे," ती म्हणाली. "कुणाचा?"

लमजदनं जुना धूसर फोटो तिच्यापुढे सरकवला. मग तिला समजलं. तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. शेवटी म्हणाली की लोकांना असाच चेहरा दिसत असेल तर हाच लावा. पोराला माझ्यापर्यंत पोचवू देत, ओळखायचं काम मी करीन.

फोटो लावला गेला. खाली वजदीचं नाव, वय, निळा सदरा. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला. आमच्या गावात कॅफेच्या काचेवर, मशिदीच्या दाराशी, बसथांब्यावर तो चेहरा चिकटला.

हिवाळ्यात इटलीतल्या त्रापानीहून फोन आला. तिथे राहणारी आपल्याकडचीच एक बाई अल्पवयीन मुलांच्या छावणीत स्वयंपाक करत होती. म्हणाली, हा मुलगा आमच्याकडे आहे, नाव वेगळं सांगतो, पण ती तर सगळीच पोरं सांगतात; चेहरा हुबेहूब तोच. मबरकाच्या घरी गर्दी झाली. शेजारणींनी परातभर कुसकुस आणला. शादलीकाका संघाचा सदरा घेऊन आले. लमजद दाराबाहेर उभा होता; आत ये म्हटलं तरी येईना. वजदीचा चेहरा त्या फोटोसारखा नव्हताच; मग फोटोशी हुबेहूब जुळणारं पोर वजदी कसं असेल, हेच त्याच्या मनात घोळत होतं.

मोबाइलवर मुलगा दिसला. त्याच लांब पापण्या, तेच सरळ दात. खोलीतल्या बायकांनी झगरूत, म्हणजे आनंदाची किलकारी, घालायला जिभा उचलल्या आणि मबरकाचं तोंड पाहून तशाच खाली घेतल्या.

तिनं फोन ठेवला नाही. त्याला विचारलं, "जेवलास का, बाळा?"

"हो, मावशी."

"तुझ्या आईला माहीत आहे का, तू जिवंत आहेस ते?"

पोर रडायला लागलं. आपल्याच किनाऱ्यावरच्या महदियाजवळच्या खेड्यातला होता. फोन समुद्रात पडला होता, आईचा नवा नंबर त्याला आठवत नव्हता, आणि बापाच्या धाकानं त्यानं दुसऱ्या कुणाला फोन केला नव्हता. मबरकानं त्याच्याकडून खेड्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आणि तिथल्या किराणा दुकानाला फोन लावून, एकाकडून दुसऱ्याकडे करत संध्याकाळी त्या आईला गाठलं. पलीकडून ती बाई अशी किंचाळली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग हसू, रडू, झगरूत, शेजारपाजाऱ्यांचा कल्ला. तुमच्या पायाची धूळ कपाळाला लावीन, असं ती बाई पुन्हापुन्हा म्हणत होती. मबरकानं सगळं ऐकून घेतलं, मुबारक म्हणाली, आणि फोन बंद केला. मग तिनं कुसकुसाची परात उचलली आणि ती जिची होती तिच्या हातात परत दिली.

वसंतात ती लमजदकडे एकदा आली. तो फोटो सगळीकडून काढून टाका, म्हणाली. लमजदनं सांगितलं की भिंतीवरचे काढता येतील, पण मोबाइलवरचे आता आपल्या हातात नाहीत.

"मुरुमं होती त्याला," ती म्हणाली. "हनुवटीवर एक मोठं होतं, मी त्याला हळद लावायची. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. कुठला, ते आता आठवत नाही. आठवायला बसले की तुमचं ते पोर समोर येतं. स्वप्नातही तेच येतं. मला आई म्हणतं."

लमजदनं भिंतीवरचे सगळे फोटो स्वतः फिरून खरवडले. पातं घेऊन, पाणी लावून. 

त्यानंतर रविवारी त्यानं नवीनच सुरू केलं. सामना सुरू होण्याआधी, उजेड चांगला असताना, तो एकेका पोराला पांढऱ्या भिंतीपुढे उभं करायचा. चेहरा समोर, तोंड बंद. मग दात दाखवून. मग दोन्ही बाजू. राखीव पोरांचे आधी. सुरुवातीला पोरं खिदळली. मग त्यांना कळलं, आणि ती गप्प उभी राहायला लागली. शादलीकाकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आयांना हे अपशकुनी वाटतं, बंद कर. लमजदनं बंद केलं नाही.

फिरास नावाचा पुढच्या फळीतला मुलगा होता, संघातला सर्वांत वेगवान. एका रविवारी फोटो झाल्यावर तो रेंगाळला. म्हणाला, "काका, याची एक प्रत मोठी करून घरी द्याल? मला नको. आईकडे."

लमजदनं त्या दिवशी सामन्याचे फोटो काढले नाहीत. कॅमेरा गुंडाळला आणि तडक फिरासच्या बापाच्या कार्यशाळेत गेला. बाप मुख्तार होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. लमजदनं धाप टाकत सांगितलं की पोरगा जायला निघालाय, त्याला अडव.

मुख्तारनं हातातला पाना खाली ठेवला नाही. म्हणाला, "अडवला. दोनदा. तिसऱ्यांदा मला न सांगता भलत्याच कुणाच्या भंगारात बसून जाईल. म्हणून त्याच्या होडीचं हे इंजिन मीच बसवून देतोय."

लमजद दारातच उभा राहिला. आत तेलाचा वास होता, आणि कुठूनतरी मैदानावरचा आरडाओरडा ऐकू येत होता. बहुधा फिरासनंच गोल मारला असावा.

मुख्तारनं एक नट आवळला, हात फडक्याला पुसले, आणि वर न पाहता विचारलं, "फोटो नीट आलाय ना त्याचा?"

लमजद म्हणाला, "हो. नीट आलाय."