माळ्यावरचं सुख

मी भामाबाईंच्या घरातलं ऑक्सिजनचं मशीन बोलतोय. हो, तेच घरघर करणारं. माझ्या आवाजाला विचुंबे गावातले शेजारीही वैतागले होते. वैतागू देत. माझ्या नळीच्या दुसऱ्या टोकाला भामाबाईंचा श्वास होता.

भामाबाई धवलारीण. त्यांनी धवले गाऊन देवांना बोलावल्याशिवाय इथल्या आगऱ्यांचं लग्न लागत नसे. पण त्यांची फुप्फुसं कडक होत गेली. गाणं दूरच, मोरीपर्यंत चालणंही जमेना.

२०१६ साली चेन्नईला त्यांना दुसऱ्याची फुप्फुसं बसवली. घरी आल्या त्या नळीशिवाय! बळीरामभाऊंनी, त्यांच्या नवऱ्याने, मला पुसून गोणपाटात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. आम्हा मशीनांना याहून मोठा मान नाही. खाली भामाबाई भांडी घासताना गुणगुणायच्या, मी वर ऐकत पडायचो.

शरीराने परकी फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून त्यांना जन्मभराच्या गोळ्या होत्या. त्या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते, म्हणून गर्दी टाळा, मास्क लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि लेकीची, दिपिकाची, हळद आली. मांडवात ही गर्दी!

"आये, मास्क काढू नको," दिपिका म्हणाली.

"तोंड बांधून देवांना बोलवू? ते नाय यायचे गो."

मास्क उतरला. काय आवाज लागला होता!

मग ताप आला. तो उतरला, पण शरीर नव्या फुप्फुसांवर उलटलं. पुष्कळांना कधी ना कधी होतंच हे, डॉक्टर म्हणाले. दिपिकाला ते पटलं नाही. ती आपल्या हळदीलाच दोष देत राहिली. बळीरामभाऊंनी माळ्याला शिडी लावली, तेव्हा मला रडावंसं वाटलं.

भामाबाईंना आता धवले लेकीला द्यायचे होते. पण माझ्या घरघरीत त्यांचं पुटपुटणं बुडायचं.

"त्याला बंद कर जरा."

"नाय करायची, आये." दिपिका त्यांच्या ओठांना कान लावायची.

पाठवणीचा धवला अर्धाच राहिला. भामाबाई गेल्या.

काल दिपिकाने मला चालू केलं, नळी रिकाम्या उशीवर ठेवली आणि तो धवला म्हणून पाहिला. पुढचं तिला येईना. मला तरी कुठून येणार? माझ्याच घरघरीत मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

उद्या मी मोरा गावी काशीरामदादांकडे जाणार. तेही फुप्फुसांची वाट बघताहेत म्हणे. दादा, ती तुम्हाला मिळोत. मग मला लवकर माळ्यावर टाका, आणि खाली जरा मोठ्याने बोलत जा. मला वर ऐकू आलं पाहिजे.