बारा विरुद्ध अकरा

चर्चच्या किचनमधल्या कपाटाला कुलूप लावलं ते अरुणा उजागरेंनी. लपूनछपून नाही. रविवारी दुपारी इथिओपियातून आलेली ओरोमो मंडळी उपासनेसाठी जमत होती, तेव्हा सगळ्यांच्या देखत लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"कपबशा आमच्या लेडीज ग्रुपच्या आहेत," त्या म्हणाल्या.

कॉफीची किटली घेऊन चाल्तू समोर उभी होती. उंच, पस्तिशीची, ओरोमो बायकांची म्होरकी. "आम्ही इथे भाड्यानं येतो, चोरी करायला नाही."

"चोर कोण म्हणालं तुम्हाला?"

"कुलूप म्हणतंय."

अरुणाबाई मूळच्या अहमदनगरच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या नर्स. एकाहत्तर साली नवऱ्याबरोबर कॅनडातल्या विंडसरला आल्या. शरदचंद्रांना मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तेव्हाच्या घरापासून चालत जाता येईल असं एकच चर्च होतं, जर्मन लूथरन लोकांचं. युद्धानंतर आलेल्या कामगारांनी दर शनिवारी स्वतःच्या हातांनी विटा रचून ते उभं केलेलं. नगरचं त्यांचं चर्च वेगळ्या पंथाचं होतं, पण त्या थंडीत पंथ कोण बघत बसतो? हळूहळू अरुणाबाई जर्मन गाणी पाठ म्हणू लागल्या, सफरचंदाचा केक त्यांच्यासारखा करू लागल्या, शेवटी लेडीज ग्रुपच्या अध्यक्षही झाल्या. शरदचंद्र गेले तेव्हा पेटीला खांदा द्यायला सहाच्या सहा जर्मन होते. ह्या लोकांनी आपल्याला पहिल्या दिवसापासून पोटाशी धरलं, असं त्या मॉन्ट्रियलच्या मुलीला फोनवर नेहमी सांगायच्या.

पुढे कारखाने बंद पडत गेले, जर्मनांची मुलं कॅलगरीला निघून गेली, म्हातारे एकेक करून मातीआड झाले. दोन हजार दहा सालात मंडळीत तेवीस माणसं उरली. ओरोमो लोक मात्र दुपारी दोनला दीडशेच्या घरात जमायचे. तेही लूथरनच. ते इथे भाड्यानं येऊ लागल्यापासूनच्या चार वर्षांत दोन्ही मंडळ्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ढोल का वाजवता, पोरं वेदीपाशी का पळतात, पार्किंगमध्ये तासभर का थांबता, अशा चिठ्ठ्या अरुणाबाई नोटीस बोर्डावर लावायच्या आणि चाल्तू त्या फाडून टाकायची.

फेब्रुवारीत सभासदांची सभा भरली. प्रश्न एकच होता. इमारत ओरोमो मंडळीच्या नावावर करून द्यायची, की बिल्डरला विकून दुसऱ्या चर्चमध्ये सामील व्हायचं? मतदान गुप्त होणार होतं.

अरुणाबाईंचं मत ठरलेलंच होतं. त्या उठून म्हणाल्या, "ही माणसं आपल्यात कधीच मिसळली नाहीत. त्यांच्या हातात दिलं तर वर्षभरात हे चर्च ओळखूही येणार नाही. त्यापेक्षा पाडलेलं बरं."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या ओटो क्राउझेनं तर पाठीवर थाप मारली. शरदचंद्रांच्या पेटीला खांदा देणाऱ्यांतला हा एक. थंडीत दर रविवारी अरुणाबाईंना गाडीतून आणायचा आणि घरी सोडायचा.

"झकास बोललीस," तो कानाशी वाकून म्हणाला. "तुम्ही दोघं आलात ना, तेव्हाही अशीच सभा झाली होती. तुम्हाला सभासद करून घ्यायचं की नाही, यावर."

"आमच्यावर मतदान झालं होतं?"

"झालं होतं तर! तीन मतांनी तरलात. मी नाही म्हणालो होतो." तो हसला. "पण तू आमच्यासारखी झालीस. हे लोक होणार नाहीत."

अडतीस वर्षं केलेले केक, पाठ केलेली गाणी, घरात मराठी प्रार्थना म्हणतानाही खाली आणलेला आवाज. हे सगळं त्या तीन मतांच्या जिवावर होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता. चिठ्ठी हातात आली. अरुणाबाईंनी ती पर्सवर धरली आणि ओरोमोंच्या नावापुढे फुली मारली. कागद फाटेल इतक्या जोरात.

बारा विरुद्ध अकरा. इमारत ओरोमोंकडे गेली.

ओटो पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत पुटपुटत होता, "आपल्यातलंच कोणीतरी फितूर झालं."

"मी झाले," अरुणाबाई म्हणाल्या.

त्याचा हात थांबला. "तू? आत्ता तर म्हणालीस..."

"तुझं ऐकायच्या आधी म्हणाले."

तो गाडीत बसला आणि निघून गेला. अरुणाबाई बसस्टॉपवर पाऊण तास उभ्या राहिल्या. त्यानंतर ओटोनं त्यांचा फोन कधी उचलला नाही.

मे महिन्यात ताबा द्यायचा होता. हॉलमधल्या सामानाची यादी समजावून द्यायला अरुणाबाई गेल्या. घ्यायला चाल्तूच आली होती.

"तुम्ही सभेत काय बोललात ते आम्हाला कळलं आहे," ती म्हणाली. "पाडलेलं बरं, म्हणालात."

"म्हणाले."

"तरी ते आम्हाला मिळालं."

आपल्या मताची गोष्ट अरुणाबाईंच्या जिभेवर आली होती. त्यांनी ती गिळली. ह्या बाईपुढे कौतुकासाठी हात पसरायचा? छे!

"आता कुठे जाणार?" चाल्तूनं विचारलं. आवाजात काळजीचा लवलेश नव्हता.

"इथेच येणार. अडतीस वर्षं मी इथली सभासद आहे."

"उपासना ओरोमोत होईल. माझ्या वडिलांच्या काळात इथिओपियात आमच्या भाषेत एक पान छापायचीही चोरी होती. तुमच्यासाठी आम्ही आमची भाषा सोडणार नाही."

"सोडा असं मी म्हटलेलं नाही. पहिली काही वर्षं मला जर्मनही कळत नव्हतं."

चाल्तूनं खांदे उडवले आणि यादीवर सही केली.

जूनच्या पहिल्या रविवारी अरुणाबाई नऊवारीही नव्हे, स्कर्टही नव्हे, साधी पाचवारी नेसून चर्चमध्ये गेल्या. चर्चमध्ये साडी त्या कितीतरी वर्षांनी नेसल्या होत्या. तिसऱ्या बाकावर बसल्या. बाकावरचं ओरोमो कुटुंब उठून मागे गेलं. चाल्तूनं एकदाच वळून पाहिलं आणि मान फिरवली. अडीच तास अरुणाबाई ताठ बसून राहिल्या. एक शब्द कळला नाही.

दाराशी ओरोमोंचे धर्मगुरू, पाळक गम्माचू, यांनी हात पुढे केला. अरुणाबाईंनी तो घेतला.

"प्रवचन फार लांबलं," त्या म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी याहून लांब असेल," पाळक म्हणाले.

"मी येणार आहे," अरुणाबाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून बसस्टॉपकडे चालू लागल्या.